पुढच्या आळीनं, सावकाश

मुलगी बघायला गेलो तेव्हा मी कपाळाला काळं लावून गेलो. घरातून निघताना कपाळ स्वच्छ होतं. आईनं स्वतः निरखून पाठवलं होतं. पण कार्ल्याच्या फाट्यावर, हायवेच्या बसगाड्या माणसं उतरवायला थांबतात तिथं, आमची गाडीही थांबली. तिला पुन्हा चालू करायला मी नव्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडून बॉनेटमध्ये हात घातले. शर्ट वाचवला. शर्ट वाचवल्याच्या आनंदात त्याच हातानं घाम पुसला. पुढं मुलीच्या घरी सतरंजीवर बसून, नोकरी कुठं, आयटीआय कशातलं, याची उत्तरं मी मोठ्या रुबाबात देत होतो, आणि समोरची वडीलधारी मंडळी माझ्या डोळ्यांत न बघता थोडं वर बघत होती. मला वाटलं, छाप पडते आहे. मग मुलगी चहा घेऊन आली. तिनं एकदा बघितलं, कप ठेवला, आत गेली, आणि परत येऊन बशीशेजारी रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी ठेवली. ती सुनंदा. त्या चहाला आलेला रॉकेलचा वास मला अजून आठवतो, आणि आजही गॅरेजमधून बाहेर पडताना मी आधी आरशात बघतो.

गाडीचं नाव मामलेदारीण. कागदावर कंपनीचं नाव होतं, पण घरात ते कुणी घेत नसे. गोल डोळे, रुंद नाक, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, आणि मागची सीट अशी की चार माणसं बसून पाचव्याला मांडीवर घ्यावं. आबा, म्हणजे माझे वडील, खंडाळ्याला एका बंगल्यावर ड्रायव्हर होते. बंगल्यातले साहेब म्हातारपणी बंगला विकून मुलाकडं निघाले, तेव्हा त्यांनी विचारलं, "सदाशिव, जाताना तुला काय देऊ?" दुसऱ्या कुणी मुलाच्या नोकरीसाठी शब्द टाकायला सांगितलं असतं. आबांनी गाडी मागितली. साहेबांना वाटलं थट्टा करतोय. आबा थट्टा कधीच करत नसत, ते काम त्यांनी जन्मतःच माझ्यावर सोडलं होतं. लोहगडाच्या अंगाला आमची वाडी, वाडीच्या टोकाला आमची वस्ती, आणि वस्तीतल्या आमच्या पत्र्याच्या घरापुढं ती काळीभोर गाडी येऊन उभी राहिली तेव्हा घर तिच्या मागं दिसेनासं झालं. आई म्हणाली, "आता पाव्हण्यांना सांगायचं काय, गाडीच्या मागं ऱ्हातो म्हणून?"

मामलेदारणीचा एकच दोष होता. पळायला लागली की हायवेवर कुणाला ऐकायची नाही. पण थांबली, पायाखालची रेस सोडली, की थोडा वेळ अंग थरथरवायची आणि गप्प. थंड असताना, चोक ओढलेला असला की निभावून न्यायची. गरम झाली की संपलं. पळती गाडी थांबल्यावर बंद पडावी, याचा आबांना फार राग. "बंगल्याच्या पोर्चमदी तासभर चालू ठिवायचो," ते म्हणत. "पानावर पानी पडल्यासारखा आवाज. आन हितं आल्यावर काय झालं हिला?" आई म्हणायची, "हितं पोर्च न्हाई म्हनून रुसली आसंल."

घरातल्या जेवणावर याचा परिणाम झाला होता. आई लोणावळ्याला चिक्कीच्या भट्टीवर कामाला होती. संध्याकाळी ती घरी आली की तिच्याबरोबर गुळाच्या पाकाचा वास यायचा, आणि पदरात कागदाच्या पुडीत चिक्कीचा चुरा. ती चुलीवर तांदळाच्या भाकरी टाकायला बसायची, सुकटीची चटणी वाटायची, आणि आबा अंगणात गाडी चालू करून, रेस सोडून, ताटावर येऊन बसायचे. आम्ही जेवायचं आणि ऐकायचं. बाहेर भुर्र भुर्र भुर्र चालू असेपर्यंत घास खाली उतरायचा. आवाज जरा अडखळला की आबांचा हात ताट आणि तोंड यांच्या मध्ये थांबायचा, आणि मग बाहेर एक आचका, आणि शांतता. "मेली," आई शांतपणे म्हणायची आणि दुसरी भाकरी वाढायची. लोकांच्या घरी जेवताना रेडिओ लावत. आम्ही इंजिन लावत होतो. मला अजूनही फार शांत जागी नीट जेवता येत नाही.

आता आबांना हे एवढं का लागलं होतं, ते सांगायला हवं. गावात शिरलं की मोठा पार लागतो. पारापाशी दोन वाटा फुटतात. सरळ जाते ती पुढची आळी, गावाच्या मधून आमच्या वस्तीपर्यंत. डावीकडची खाली उतरते, ओढ्याच्या कडेनं वळसा घालून मागच्या बाजूनं वस्तीत येते. माझ्या आजोबांच्या लग्नाची वरात पारापाशी आली तेव्हा पारावरच्या एका माणसानं नुसता हात केला होता. डावीकडं. वरात डावीकडं वळली. पुढं आमच्या माणसांनी धम्म घेतला, शाळा झाल्या, रेल्वेत आणि कारखान्यांत नोकऱ्या झाल्या. आबांच्या लग्नात वरात सरळ गेली, पण वाजवणाऱ्यांनी पाराच्या अलीकडं वाजवायचं थांबवलं आणि आळी संपल्यावर पुन्हा सुरू केलं. कुणी सांगितलं नव्हतं, आपलं आपणच. आबांना ती मुक्यानं पार केलेली आळी आयुष्यभर टोचत राहिली. आता माझं लग्न ठरलं होतं, रॉकेलच्या चिंधीसकट, आणि आबांनी जाहीर केलं: वरात पुढच्या आळीनं, वाजत, मामलेदारणीतून. माणसाच्या चालीनं. कुणी ढकलायची नाही.

माणसाच्या चालीनं! पुण्यापर्यंत न्यायची असती तर मामलेदारणीनं हसत नेलं असतं. पण वरात म्हणजे बँडच्या मागं पाऊल पाऊल सरकणं, थांबणं, पोरांचं नाचणं होईपर्यंत उभं राहणं, पुन्हा सरकणं. तिला नेमकं जे जमत नव्हतं, तेच.

ही बातमी तुकाशेठच्या कानावर गेली. तुकाशेठ गावातच राहायचा, कार्ल्याच्या नाक्यावर त्याच्या भाड्याच्या जीपगाड्या, माणूस तसा दुष्ट नव्हे, पण दुसऱ्याची फजिती त्याला चहासारखी लागायची, दिवसातून दोनदा. पारावर सगळ्यांच्या देखत म्हणाला, "सदाभाऊ, माजी पांढरी जीप न्हेतो का? फुलं लावून देतो. उगं पोराच्या वरातीत गाडी ढकलायला पाव्हणं लावशील, त्यांची कापडं खराब व्हत्याल."

"गाडी हाय माजी," आबा म्हणाले.

"हाय की. पर चालू हाय का?"

पार हसला. आबा घरी आले आणि मला म्हणाले, "राजा, तू फिटर हायेस न्हवं?"

होतो. आयटीआय झालेला, तळेगावच्या कारखान्यात कायम झालेला फिटर. कारखान्यात माझ्याकडं तीन प्रकारच्या पान्यांपलीकडं काही देत नसत, ही गोष्ट मी घरी सांगितली नव्हती. त्या दिवसापासून सुट्टीचा प्रत्येक दिवस मी बॉनेटखाली घालवला. लोणावळ्यातल्या प्रत्येक गॅरेजवाल्याचं मत घेतलं, आणि मतं खूप होती. प्लग बदल म्हणाले, बदलले. पॉइंटला पॉलिश मार म्हणाले, मारलं. कार्बोरेटर खोलून त्यातला सुईच्या टोकाएवढा बारीक जेट फुंकून फुंकून साफ केला, इतका की माझ्या ओठांना पेट्रोलची चव कायमची बसली आणि आई म्हणाली, काडी पेटवताना लांब ऱ्हा. मामलेदारीण गरम व्हायची, थरथरायची, मरायची.

एका मेकॅनिकनं सोपा मार्ग दाखवला. कार्बोरेटरचा एक स्क्रू पिळला की इंजिन उभ्या उभ्या जोरात चालतं, मग बंद पडत नाही. मी पिळला. मामलेदारीण अंगणात उभी राहून अशी ओरडायला लागली की शेजारच्या कोंबड्या छपरावर गेल्या. क्लच सोडला की उडी मारायची. आबा बाहेर आले, कानावर हात न ठेवता नीट ऐकलं आणि म्हणाले, "आरडत न्यायची आसंल तर ट्रॅक्टर आनू की. खाली घे." मी म्हटलं, "आबा, कुणाला कळतंय?" ते म्हणाले, "मला कळतंय. गप चालली पायजे. तिला काय कुनाला घाबरून वरडायचंय?" मी स्क्रू परत होता तसा केला.

पण त्या दिवशी एक गोष्ट कळली. एअर फिल्टर काढलेला होता, इंजिन मरायच्या बेतात होतं, आणि मी सहज, खरं सांगायचं तर वैतागून, कार्बोरेटरच्या तोंडावर हात ठेवला. गळा दाबायलाच ठेवला. हवा अडली की इंजिन मरायला हवं. मामलेदारीण उलट सुधारली. आवाज सरळ झाला, थरथर थांबली. हात काढला, पुन्हा आचके. हात ठेवला, पुन्हा सरळ. मी आबांना हाक मारली. दोघं बघत राहिलो. तिला पेट्रोल कमी पडत नव्हतं. तिला हवा जास्त होत होती. पुढच्या तोंडानं घ्यायची ती घेत होतीच, पण आणखी कुठून तरी चोरून घेत होती. पळताना इंजिन एवढी हवा ओढतं की थोडी चोरी त्यात खपून जाते. उभं असताना नाही.

कुठून, ते मात्र सापडेना. मी प्रत्येक सांध्यावर पळीनं पाणी सोडून पाहिलं. चोरीच्या जागी पाणी आत ओढलं जातं आणि आवाज बदलतो. सगळे सांधे कोरडे आणि प्रामाणिक निघाले. आईची पळी काळी झाली म्हणून मला वेगळं बोलणं खावं लागलं. लग्न तोंडावर आलं. तुकाशेठ रस्त्यात भेटला की हात पुढं करून ढकलल्याची नक्कल करायचा. मी घाबरलो. आबांना म्हटलं, जीप घेऊ. आबा एवढंच म्हणाले, "चालत जाऊ. पर जीप न्हाई." हे त्यांचं बोलणं मी पुढं नोकरीत, कर्जात, पोरीच्या शाळेच्या दाखल्यासाठी कुणापुढं उभं राहिलो तेव्हा, पुष्कळदा मनात म्हटलं आहे. प्रत्येक वेळी चालावंच लागलं, ही गोष्ट वेगळी.

हळदीच्या दिवशी सकाळी आई मुंग्यांच्या मागं लागली होती. आतल्या खोलीत बुंदीच्या लाडवांच्या पाट्या भरून ठेवल्या होत्या, चारी कोपऱ्यांना हळद टाकली होती, आणि अंगणात तिला मुंग्यांची रांग दिसली. लाडवांपर्यंत गेली तर घराची अब्रू जाणार, म्हणून कमरेत वाकून, हातात राखेचं सूप घेऊन ती रांग धरून निघाली. रांग घराकडं चाललीच नव्हती. ती गाडीकडं चालली होती. पुढच्या चाकावरून वर, चाकाच्या कमानीतून आत.

"राजा," आई ओरडली, "तुज्या गाडीत लाडू कुनी ठिवलं रं?"

मी बॉनेट उघडलं. मुंग्या इंजिनाच्या बाजूनं मागं, ड्रायव्हरच्या पुढच्या पत्र्याकडं जात होत्या. तिथं एक जुनी रबरी नळी पत्र्याला तारेनं बांधलेली होती, तोंडाला चिंधी गुंडाळलेली. मुंग्या चिंधीत शिरत होत्या. मी चिंधी सोडली. आत काळपट, पोकळ, चाळणीसारखं भोकं पडलेलं काहीतरी होतं. हाताला चिकटलं. मी बोट चाटलं. फिटरनं असं करू नये, पण केलं.

"आई, चिक्की!"

आबा आंघोळीहून ओल्या अंगानं आले. नळीकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, की बापाचा तसा चेहरा मला आयुष्यात एकदाच बघायला मिळाला. जुन्या गाडीचा वायपर इंजिनाच्या ओढीवर चालायचा. इंजिन हवा ओढतं, ती ओढ एका नळीतून वायपरला मिळायची. घाट चढताना पाय दाबला की ओढ कमी व्हायची आणि ऐन पावसात वायपर मध्येच झोपायचा. गाडी घरी आल्याबरोबर आबांनी तो काढून बॅटरीवरचा बसवला होता, आणि उरलेल्या नळीला बूच म्हणून आईनं आणलेल्या घट्ट पाकाचा गोळा गरम करून कोंबला होता. तात्पुरता. आमच्या घरात तात्पुरतं म्हणजे काय, ते घराच्या पत्र्यावर वाऱ्यासाठी ठेवलेल्या विटा बघून कळतं. त्या अजून आहेत. मी सांध्यांवर पाणी सोडत बसलो, आणि चोरी होती इंजिनापासून हातभर लांब, नळीच्या दुसऱ्या टोकाला, पोखरलेल्या पाकाच्या भोकांतून.

"माजा पाक!" आई सूप खाली ठेवून हसत सुटली. "तरीच त्या दिवशी गोळा कमी भरला! आन मी म्हनते, राजानं खाल्ला!"

"दगडावानी झालता गं," आबा म्हणाले.

"दगड मुंग्या खात्यात व्हय!"

मी नळीत एक बोल्ट घातला आणि वरून पट्टी आवळली. मामलेदारीण चालू केली. गरम होऊ दिली. रेस सोडली. भुर्र भुर्र भुर्र. आबा हळद लावायला बसलेल्या बायकांना म्हणाले, "जरा गानी थांबवा." बायका थांबल्या. पानावर पाणी पडल्यासारखा आवाज येत होता. पण अंगणात, मोकळ्यावर. बँडमध्ये, गर्दीत, माणसं बॉनेटला टेकत असताना, तासभर? ते कुणालाच माहीत नव्हतं. ही एकच चोरी होती की आणखी एखादी, तेही नाही.

लग्न सुनंदाच्या गावी झालं. दोघंही पांढऱ्यात; त्रिशरण, पंचशील, हार. दिवस कलायच्या आधी वरात आमच्या गावच्या वेशीत आली. आबा स्वतः चालवत होते. मागच्या सीटवर मी आणि सुनंदा, मध्ये हारांचा ढीग. बँड पुढं. मी वाजतंय ते ऐकत नव्हतो. मी पायाच्या तळव्यांनी इंजिन ऐकत होतो. सुनंदा खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, लाजते आहे.

पारापाशी आलो. पार भरलेला होता. बँडवाल्यांनी आबांकडं मागं वळून बघितलं. त्यांतल्या म्हाताऱ्या क्लॅरिनेटवाल्यानं माझ्या आई-आबांच्याही वरातीत वाजवलं होतं. आबांनी खिडकीतून हात बाहेर काढून नुसतं खुणावलं, वाजव. बँड वाजत राहिला. आणि नेमकं तिथं, पाराच्या समोर, जिथून डावी वाट फुटते तिथं, मामलेदारीण बंद पडली.

पारावर हशा उसळला. पोरं ढकलायला मागं पळाली. तुकाशेठ पारावरून उतरून पुढं आला आणि त्यानं हात केला. डावीकडं. तो मदतच करत होता, हे आज मला कळतं. म्हणाला, "सदाभाऊ, हिकडं घे. उतार हाय. आपसूक जाईल वस्तीत."

आबांनी दार उघडलं. खाली उतरले. त्या हाताकडं बघितलं, मग वाटेकडं, मग पारावरच्या सगळ्यांकडं, एकेकाकडं.

"मागं हो, तुका. आन पोरांनो, गाडीला हात लावू नका." आवाज चढवला नाही. "बंद पडली न्हाई ती. मी बंद केली."

"का?" तुकाशेठच्या तोंडून निघून गेलं.

"माजा बाप हितनं वळला व्हता. म्हनलं, हितं जरा थांबू."

कुणी हसलं नाही. बँडसुद्धा थांबला होता; आबांनी त्यांच्याकडं बघितल्यावर पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. आबांनी खांद्यावरचा टॉवेल घेऊन पुढची काच पुसली, सावकाश, जिथं पुसायला काहीच नव्हतं. मग आत बसले आणि किल्ली फिरवली. त्या वेळी ती चालू झाली नसती तर काय झालं असतं, याचा विचार मी इतक्या वर्षांत पुरता करू शकलो नाही. एका फिरवणीत लागली. आणि आम्ही पुढच्या आळीत शिरलो, माणसाच्या चालीनं, न आरडता, दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरची माणसं बघत होती आणि मधल्या एका ओट्यावरून एका म्हातारीनं उठून सुनंदावर तांदूळ टाकले. आळी संपेपर्यंत मामलेदारीण एकदाही अडखळली नाही. आबांची मान मागून मला ताठ दिसत होती, फक्त कान लाल झाले होते.

गाडी अजून आहे. जुन्या गाड्यांचे शौकीन येतात, नळीतला बोल्ट बघून नाक मुरडतात, मूळचा भाग बसवा म्हणतात, विकता का विचारतात. मी म्हणतो, मूळचा भाग मुंग्यांनी खाल्ला, आणि विकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा चुलीपाशी बसली होती, मी तिला पाराची गोष्ट समजावून सांगायला गेलो. आजोबांचं वळणं, आबांचं थांबणं. बायकोला पहिल्याच दिवशी काहीतरी मोठं सांगावं म्हणून. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला ठाव हाय. आत्याबाईंनी कालच सांगितलं. पर पाराशी मला वाटलं, खरंच बंद पडली."

"मग घाबरलीस?"

"घाबरायला काय झालं? निऱ्या खोचून, चपला काढून तयार बसले होते. चालू झाली नसती तर उतरून मीच ढकलली असती." तिनं भाकरी उलटली. "साडीला काळं लागलं असतं तर लागलं असतं. रॉकेल हाय की घरात. पर सरळच ढकलली असती."